नीलिमाचं खोडरबर

नीलिमाच्या पर्समध्ये एखादे वेळी कंगवा नसेल, पण खोडरबर असायचंच. शाळेच्या मुलांचं साधं पांढरं खोडरबर, एका टोकाला झिजून काळंकुट्ट झालेलं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात होतचंदच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला होती, आणि या खोडरबरावरून तिची जेवढी टिंगल झाली तेवढी तिच्या तिखट जिभेवरूनही झाली नसेल. गिऱ्हाईक मोठ्या काळजीने बिघडलेलं मशीन घेऊन यायचं आणि ही बाई काय करायची? डबा उघडायची, आतली कार्डं एकेक करून उपसायची, त्यांच्या कडेचे पिवळे धातूचे दात खोडरबराने घासायची, परत जागेवर बसवायची, आणि आत जी जी चिप दिसेल ती अंगठ्याने दाबायची. अर्धीअधिक मशीनं तेवढ्यावर सुरू व्हायची. मग गिऱ्हाइकाला आनंद व्हायच्या ऐवजी राग यायचा. एवढ्याशा घासण्याचे पैसे?

आता याला कारण होतं आणि ते इथल्या हवेत होतं. अंबरनाथच्या कारखान्यांचा धूर एकीकडून आणि वालधुनी नाल्याचा वास दुसरीकडून. ज्या गावात बायकांच्या पायातले पैंजण आठवड्यात काळे पडतात आणि देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं दर सणाला घासावी लागतात, तिथे कार्डाचे दात कसे चकाकत राहतील? दातांवर काळी साय धरली की मशीन वाचायचं एक आणि समजायचं भलतंच. त्यात मशीन दिवसभर तापायचं, रात्री निवायचं, आणि चिपा आपल्या खाचेतून हळूहळू वर यायच्या. म्हणून नीलिमाचा नियम एकच होता. आधी उघडायचं, मग बोलायचं.

नियम मोडणाऱ्याला ती सोडत नसे. नाकावर माशी बसू न देणारी बाई होती ती. बदलापूर गावातल्या मध्यमवर्गीय घरातली पोर, वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेबनीस. त्यांनी तिच्यासाठी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून ठेवली होती. हिला मात्र इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं होतं. घरात आठवडाभर कोणी कोणाशी बोललं नाही. तेव्हा वडिलांच्या कारखान्यातले दिनानाथ काका घरी आले. ते तिथे टूलरूमचे अधिकारी होते, म्हणजे यंत्रांचे साचे आणि सुटे भाग जिथे बनतात त्या खात्याचे. चहाची बशी खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "मुलीचे हात स्थिर आहेत. मी पाहिलेत. बँकेत नोटा मोजायला तेवढे स्थिर हात लागत नाहीत." वडिलांनी मान तुकवली. नीलिमा ते वाक्य कधी विसरली नाही. पुढे तिला पाहायला आलेली स्थळं मुलगी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डबे उघडते हे ऐकून परत गेली, तेव्हा आईने डोळ्याला पदर लावला, पण नीलिमाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ज्याला हातांची किंमत नाही त्याच्या घरी जाऊन करायचं काय, असं तिचं म्हणणं.

असं सगळं ठीक चाललं होतं. मग सत्त्याण्णव साली दुकानात निळी फ्लॉपी आली.

फ्लॉपीवर निळं लेबल होतं म्हणून ती निळी फ्लॉपी. मूळ प्रोग्राम कुठल्या परदेशी माणसांनी केला होता कोण जाणे, इथे आली ती कॉपीची कॉपी. पण होती करामती. मशीनमध्ये घातली की ती आपोआप डिस्क तपासायची, चूक सापडली की विचारायची, दुरुस्त करू का? हो म्हणायचं असेल तर वाय दाबा, नाही म्हणायचं असेल तर एन. वाय दाबत गेलं की मशीन बरं. डबा उघडायला नको, हात काळे करायला नकोत. प्रोग्राम सुरुवातीला आणखी एक विचारायचा, जुनी स्थिती कोऱ्या फ्लॉपीवर जपून ठेवू का, म्हणजे काही बिघडलं तर परत येता येईल. तिथे मात्र एन दाबायचा, असा होतचंद शेठचा हुकूम होता. कोरी फ्लॉपी वाया जाते आणि वेळही.

दुकानातला दुसरा टेक्निशियन होता कान्हा. वांगणीच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा, आयटीआय करून शहरात आलेला, स्वभावाने गोड. त्याचं निळ्या फ्लॉपीशी लगेच जमलं. नीलिमा एक मशीन उघडून घासून बंद करेपर्यंत तो चार मशीनं बाहेर काढायचा.

"ताई, टेन्शन कायको लेती है?" तो म्हणायचा. "वाय दाबायचा, बस. मशीनच मशीनला बरं करतंय."

"मशीनला वास येतो का रे?" नीलिमा विचारायची. "बाहेर नाल्याला कसला वास सुटलाय ते तुझ्या फ्लॉपीला कळतं?"

तो हसायचा. त्याच्या हसण्यात खोट नसायची, हेच नीलिमाला जास्त झोंबायचं.

ती हरली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी. पाच नंबरमधल्या एका जीन्सच्या कारखानदाराचं मशीन आलं होतं. नीलिमाने उघडलं, घासलं, दाबलं, डिस्कला कान लावून ऐकलं, पुन्हा सगळं केलं आणि शेवटी सांगून टाकलं, डिस्क मेली, नवी घ्यावी लागेल. जीन्सवाला खिशात हात घालणार तेवढ्यात कान्हा म्हणाला, एकदा फ्लॉपी घालून बघू का? घातली. वाय, वाय, वाय. आणि मेलेली डिस्क उठून बसली.

भर दुकानात जीन्सवाला हसला. "बाईसाहेब, ते रबर शाळेत द्या. पोरांना कामाला येईल." बाकीची गिऱ्हाइकंही हसली. नीलिमाचे कान तापले. चूक तिची होती, त्यात शंका नव्हती. फ्लॉपीला जे दिसलं ते तिला दिसलं नव्हतं. आपण चुकलो याचं दुःख होतंच, पण आपल्या हातांवरचा आपला भरवसा हलला याची भीती त्याहून मोठी होती. ती भीती तिने कोणाला बोलून दाखवली नाही.

संध्याकाळी होतचंद शेठने तिला बाजूला घेतलं. शेठ वाईट माणूस नव्हता, धंद्याचा माणूस होता. "देख नीलिमा, तू अच्छी आहेस, पण तुझा टाइम बहुत लागतो. अभी से पहले फ्लॉपी. फ्लॉपी से नाही झाला तो खोलायचा. नाहीतर मला कान्हासारखा दुसरा आणावा लागेल. अरे, मी पण काय करू?"

"ठीक आहे शेठ," नीलिमा म्हणाली. तिच्या तोंडून हे दोन शब्द इतक्या सहज निघालेले पाहून कान्हाच चमकला.

त्यानंतर दिनानाथ काकांचं मशीन आलं.

काकांच्या बायको उमाकाकू रिक्षातून उतरल्या तेव्हा मशीन जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं, गाठ मारून, जसं कोणी देवाची मूर्ती आणावी. त्या घामाघूम झाल्या होत्या. नीलिमाने गाठोडं हातात घेतलं आणि काकूंना स्टूल पुढे केलं.

"सकाळपासून सुरूच होत नाही गं," काकू म्हणाल्या. "पडद्यावर काहीतरी इंग्रजी येतं आणि अडकतं. त्यांचं ड्रॉइंग आहे त्यात."

ते ड्रॉइंग म्हणजे काय हे नीलिमाला माहीत होतं. अंबरनाथमध्ये दिनानाथ काकांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. काका टूलरूमला होते तेव्हा पत्रा कापणाऱ्या प्रेसवर एक गार्ड असायचा. म्हणजे प्रेसचा दणका खाली यायच्या आधी कामगाराचा हात बाहेर ढकलणारी जाळी. तिच्यामुळे काम सावकाश व्हायचं. वरून हुकूम आला, गार्ड काढा. काकांनी काढला. पुढच्याच महिन्यात बुवापाड्याच्या शिवराम नावाच्या कामगाराची उजव्या हाताची बोटं प्रेसखाली गेली. काकांवर कोणी ठपका ठेवला नाही. कागदोपत्री चूक शिवरामचीच ठरली. काका मात्र तेव्हापासून नीट जेवले नाहीत असं उमाकाकू म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला, कामाचा वेग कमी न करता हात वाचवील असा गार्ड आखायचा.

आणि तोवर त्यांचे डोळे जायला लागले होते. काचबिंदू. कडेचं दिसेना, मग मधलंही धूसर. कागदावर रेघ दिसत नाही म्हणून मुलाने परगावाहून हा कॉम्प्युटर पाठवला. पडद्यावर रेघ हवी तेवढी मोठी करता येते. एकेक रेघ नाकाशी आणून, दोन वर्षं खपून काकांनी ते ड्रॉइंग पुरं केलं होतं. एका कारखान्याच्या मालकाने शब्द दिला होता, मोठ्या कागदावर छापून आणा, मी गार्ड बनवून बसवतो. छापायला ठाण्याला न्यायचं होतं, तर मशीन बसलं. आता काकांना पडद्यावरचंही दिसत नव्हतं. म्हणजे आतलं ड्रॉइंग गेलं तर ते पुन्हा कधीच होणार नव्हतं.

"फ्लॉपीवर कॉपी नाही ठेवली?" नीलिमाने विचारलं.

"दोन होत्या. कपाटात. पावसाळ्यात बुरशी धरली दोन्हींना." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "ते म्हणाले, नीलिमाशिवाय कोणाच्या हातात देऊ नकोस. ती आधी उघडून बघेल म्हणाले. मी डोळ्यांचे थेंब घेऊन घरी जाते, त्यांच्याजवळ बसायला हवं. संध्याकाळी न्यायला येईन. तू बघशील ना?"

"बघते काकू. तुम्ही जा निवांत."

काकू गेल्या. नीलिमाने मशीन टेबलावर ठेवलं आणि सवयीने तिचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे गेला.

नेमका तेव्हाच जीन्सवाला प्रिंटर न्यायला दुकानात आला होता. शेठ गल्ल्यावर होता. दोघांनीही तिच्या हाताकडे पाहिलं. शेठने भुवई उंचावली आणि निळ्या फ्लॉपीच्या डबीकडे बोट केलं. नीलिमाने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. स्वतःची समजूतही घातली, फ्लॉपीने नाही झालं तर उघडूच. मागच्या वेळी आपले हात चुकले होते, फ्लॉपी नाही.

फ्लॉपी आत गेली. प्रोग्रामने पहिला प्रश्न विचारला, जुनी स्थिती जपून ठेवू का? दुकानाच्या रिवाजाप्रमाणे एन. मग तपासणी सुरू झाली. पडद्यावर छोटे छोटे चौकोन भरत गेले. एका ठिकाणी थांबला. चूक आहे, दुरुस्त करू? वाय. पुढे गेला. दुसरी चूक. वाय. तिसरी. वाय. बोट आपोआप पडत होतं. कान्हा शेजारून मान वाकवून बघत होता आणि म्हणाला, "बघ, सापडतंय सगळं."

मग प्रोग्राम पुन्हा पहिल्या चुकीवर आला.

नीलिमा पुढे झुकली. हीच जागा होती. आत्ताच दुरुस्त केली होती. जे आत्ता सुधारलं ते पुन्हा चुकलेलं कसं? डिस्कवरचं अक्षर चुकलेलं असेल तर ते एकदा सुधारल्यावर सुधारलेलंच राहायला हवं. पण वाचणाऱ्याचाच डोळा अधू असेल तर त्याला बरोबर लिहिलेलंही दर वेळी वेगळंच दिसणार. आणि हा अधू डोळ्याचा वाचक नुसता वाचत नव्हता, लिहीतही होता. तिला डब्याच्या आतले ते काळे पडलेले दात दिसायला लागले. उघडलं नव्हतं तरी दिसायला लागले.

तेवढ्यात पडद्यावर मोठा प्रश्न आला. डिस्कवर कुठली गोष्ट कुठे ठेवली आहे याचा एक नकाशा असतो, आणि त्याची दुसरी प्रतही तिथेच जपलेली असते. प्रोग्राम म्हणत होता, दोन्ही प्रती जुळत नाहीत. पहिली मी दुरुस्त केली आहे. दुसरीही तशीच करू का? वाय की एन?

म्हणजे एक प्रत अजून शाबूत होती. या क्षणी डिस्कवर काहीही लिहिलं जात नव्हतं. आत्ता एन दाबला, मशीन बंद केलं, डबा उघडला, दात घासले, तर त्या दुसऱ्या प्रतीवरून काकांची रेघ न् रेघ परत आणता आली असती. हे सगळं तिला लख्ख कळत होतं. पुढे कित्येक वर्षं ती स्वतःला हेच सांगत राहिली, की मला कळलं नव्हतं असं नाही, मला कळलं होतं.

"शेठ," ती म्हणाली, "जरा थांबते. उघडून बघते एकदा."

"फिर से?" होतचंद गल्ल्यावरून म्हणाला. "आधे में सोडून? कान्हा, तू बता."

"मधेच सोडलं तर गडबड होईल ना ताई," कान्हा म्हणाला. त्याला तसं खरंच वाटत होतं. "एक वाय राहिलाय. दाब."

जीन्सवाल्याने प्रिंटर काखेत सावरला आणि म्हणाला, "अभी रबर निकालेगी, देखना."

दुकान हसलं. आणि नीलिमाही हसली. तिला आपल्या त्या हसण्याची जेवढी लाज वाटली तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही. हसता हसता तिचं बोट वायवर पडलं.

चौकोन भरत गेले. शेवटी प्रोग्रामने मोठ्या सभ्यपणे कळवलं, सर्व चुका दुरुस्त झाल्या आहेत. मशीन सुरू झालं. शेठ "शाबास" म्हणाला आणि जीन्सवाला निघून गेला. नीलिमाने काकांचं ड्रॉइंग उघडलं. पडद्यावर एका कोपऱ्यात चार रेघा आल्या, एक अर्धं वर्तुळ आलं, आणि मग काहीच आलं नाही. तिने पुन्हा उघडलं. पुन्हा चार रेघा आणि अर्धं वर्तुळ.

तेव्हा तिने कोणाकडे न बघता डबा उघडला. मेमरीचं कार्ड काढलं. दात काळे होते, निरांजनासारखे. तिने पर्समधून खोडरबर काढून ते घासले. हात इतके थरथरत होते की कार्ड खाचेत बसेना. दिनानाथ काकांनी ज्या हातांची ग्वाही दिली होती ते हे हात. कार्ड बसल्यावर मशीन शहाण्यासारखं चालायला लागलं. काही अडकणं नाही, काही चुकणं नाही. फक्त सांगायला त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं.

कान्हाचा चेहरा उतरला. त्याने न सांगताच फ्लॉपी पुन्हा घातली, या वेळी कोरी फ्लॉपी जवळ ठेवून. स्वच्छ दातांच्या मशीनवर तीच फ्लॉपी सरळ चालली. डिस्कवर जे तुकडे भटकत होते ते फ्लॉपीने गोळा करून दिले. त्यात ड्रॉइंग नव्हतं, पण काकांनी वेगळी टिपून ठेवलेली काही मापं होती. तेवढीच.

"ताई," कान्हा हळू आवाजात म्हणाला, "डिस्कच खराब होती म्हण ना. होतं असं. डिस्क जाते. कोण विचारणार आहे?"

शेठही जवळ आला होता. त्याला ड्रॉइंगचं मोल माहीत नव्हतं, पण कान्हाच्या तोंडाकडे बघून काय झालं ते त्याला समजलं. "हां, डिस्क बोल दे," तो म्हणाला. "बुजुर्ग आदमी है. उसको भी वही अच्छा लगेगा."

नीलिमाने मशीन चादरीत गुंडाळलं, उमाकाकूंनी बांधली होती तशीच गाठ मारली आणि काकू यायची वाट न बघता रिक्षा केली. अंबरनाथपर्यंत गाठोडं मांडीवर होतं. आठवायचं म्हटलं तरी तिला त्या रस्त्यातलं काही आठवत नाही. एकच वाक्य ती जुळवत होती. काका, डिस्क खराब झाली होती. हे वाक्य जुळायला काहीच कठीण नव्हतं. काकांना दिसत नाही. काकूंना मशीनमधलं कळत नाही. शेठ आणि कान्हा बोलणार नाहीत. आणि डिस्क काय, कधी ना कधी जातेच.

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. थेंब घातलेले, डोळे मिटलेले. दारात पाऊल वाजताच म्हणाले, "नीलिमा ना?"

"हो काका."

"चालू झालं?"

"मशीन चालू झालं." तिने गाठोडं खाली ठेवलं. "ड्रॉइंग गेलं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. उमाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी डोळे उघडले नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तोच विचारतील हे नीलिमाला सबंध रस्ताभर माहीत होतं.

"आधी उघडून पाहिलं होतंस?"

जुळवलेलं वाक्य ओठावर होतं. तिने काकांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"लोक हसत होते."

हे कारण इतकं लहान होतं की सांगताना तिला रडू फुटलं. तिने सगळं सांगितलं. फ्लॉपी, पहिली चूक पुन्हा दिसली ते, मोठा प्रश्न, जीन्सवाला, आपण हसलो ते, मागाहून सापडलेली मापं. काहीही वगळलं नाही. निळ्या फ्लॉपीवरही ढकललं नाही, कारण फ्लॉपीने तर विचारलं होतं. दर वेळी विचारलं होतं. वाय तिने दाबला होता.

उमाकाकू म्हणाल्या, "मग तुझ्याकडे का आणलं आम्ही? दाबायला तर कोणीही होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि नीलिमाला वाटलं की त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

काकांनी हात वर करून काकूंना थांबवलं. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर फिरत होता. "मी गार्ड काढला," ते म्हणाले, "तेव्हा मलाही कळत होतं. कोणीतरी जाणार, हे कळत होतं. वरून सांगितलं, सगळे म्हणाले, मीही हो म्हणालो. शिवरामला बघायला गेलो तेव्हा त्याने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "तुला मी विचारलं. तुझं नशीब."

नीलिमाला वाटलं, ते आता जा म्हणतील. ते म्हणाले, "रविवारी ये. कागद मोठा आण, आणि पेन्सिल. त्या डब्यावर नको. मापं सापडली आहेत म्हणालीस ना? उरलेलं डोक्यात आहे, अजून तरी आहे. तू आखायचं."

रविवारी ती गेली. बदलापूरहून निघताना कागदाची गुंडाळी वर्तमानपत्रात बांधून नेली. उमाकाकूंनी पाट मांडला, पण बोलल्या नाहीत. काका खुर्चीत बसून सांगायला लागले. इथून रेघ. तिथे वळण. बिजागरी कशी फिरते ते दाखवताना त्यांचे हात हवेत फिरायचे. नीलिमा त्या हातांकडे बघून आखायची, मग रेघांची मापं मोठ्याने वाचून दाखवायची. ते मान हलवायचे किंवा चूक म्हणायचे. दुपार झाली. काकूंनी न विचारता तिच्यासमोर ताट ठेवलं. जेवण झालं, पुन्हा सुरू. गार्डची मुख्य बाजू जवळजवळ पुरी होत आली होती.

"ती खालची रेघ चुकली," काका म्हणाले. "पलीकडे हवी. खोड."

नीलिमाने न बघता पर्समध्ये हात घातला आणि खोडरबर काढून घासलं. रेघ गेली आणि तिच्या जागी काळा डाग उमटला. मशीनच्या दातांवरची सगळी काजळी त्या टोकाला होती. तिने दुसरं टोक लावलं, डाग आणखी पसरला, शेजारच्या रेघाही पुसट झाल्या. तिचा हात थबकला.

काका वाट बघत होते. "खोडलंस?"

स्वयंपाकघराच्या दारातून उमाकाकू बघत होत्या. त्यांना डाग दिसत होता. खुर्चीत बसलेल्या माणसाला तो कधीच दिसणार नव्हता, आणि ड्रॉइंग नेणाऱ्याने डोळे ताणले असते तर त्याला रेघाही लागल्या असत्या. कोणाचं काही अडलं नसतं.

"काका, डाग पडलाय," नीलिमा म्हणाली. "माझ्या खोडरबराने. बाजूच्या रेघाही गेल्या."

उमाकाकू आत गेल्या आणि कपाटातून एक नवं कोरं खोडरबर आणून त्यांनी नीलिमाच्या हातात ठेवलं. जुनं तिच्या मुठीतून काढून घेऊन पुन्हा तिच्या पर्समध्ये टाकलं, फेकलं नाही.

"मग नवा कागद लाव," काका म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या रेघेपासून सांगायला लागले.